मास्टर रामचंद्र आणि गणिताची गोडी

गणित हा विषय काहींना अतिशय प्रिय आणि पुष्कळांना अतिशय अप्रिय का वाटतो, या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर स्वभावभेदाचे आहे. कोणाची बुद्धी उपजतच गणिती असते, कोणाची नसते, असे म्हटले की चर्चा संपते. एकोणिसाव्या शतकात हेच उत्तर व्यक्तींप्रमाणे समाजांनाही लावले जात असे. ग्रीकांची प्रतिभा भूमितीची आणि हिंदूंची बीजगणिताची, अशी वाटणी त्या काळच्या काही युरोपीय विद्वानांनी केली होती आणि येथील सुशिक्षितांनाही ती पटण्यासारखी वाटत होती. या वाटणीवर विश्वास ठेवून आपल्या देशबांधवांत गणिताची गोडी पुन्हा उत्पन्न करू पाहणारे एक शिक्षक दिल्लीत होऊन गेले. त्यांनी ग्रंथात मांडलेला सिद्धांत एक होता आणि त्यांच्या वर्गात प्रत्यक्ष घडले ते काहीसे निराळे होते. मास्टर रामचंद्र यांच्या चरित्राचे खरे महत्त्व या अंतरात आहे. उर्दू गद्याच्या अभ्यासकांना त्यांचे नाव सुपरिचित आहे. गणिताच्या इतिहासकारांनाही ते माहीत आहे. परंतु हे दोन्ही वर्ग एकमेकांच्या अंगणात फारसे डोकावत नसल्याने संपूर्ण रामचंद्र क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतात.

रामचंद्रांचा जन्म १८२१ साली पानिपत येथे एका कायस्थ कुटुंबात झाला. वडील सुंदरलाल हे मूळचे दिल्लीचे. कंपनी सरकारच्या महसूल खात्यात ते नोकरीला होते. रामचंद्र दहा वर्षांच्या आतबाहेर असतानाच वडील वारले आणि सहा मुलांचा भार आईवर येऊन पडला. १८३३ साली त्यांना दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत घालण्यात आले. त्याच सुमारास, अवघ्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह एका सधन घराण्यातील मुलीशी झाला. ती मुलगी मूकबधिर आहे, हे लग्नानंतर कळले. घरची ओढाताण आणि हे अकाली संसारबंधन यांच्यामध्ये त्या मुलाने आपल्यासाठी एक स्वतंत्र कोपरा शोधला, तो गणिताचा होता. शाळेत या विषयाकडे फारसे लक्ष दिले जात नसे. रामचंद्रांनी घरी, फावल्या वेळात, मिळतील त्या पुस्तकांच्या आधारे आपली वाट आपणच काढली. ज्याच्या परीक्षेची भीती नाही आणि ज्याबद्दल शाबासकीचीही अपेक्षा नाही, असा हा अभ्यास होता. पुढे त्यांनी गणिताच्या शिक्षणाविषयी जो विचार केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव असावा, असे मानण्यास हरकत नाही.

सहा वर्षे शाळेत काढल्यावर पोटासाठी त्यांना काही काळ कारकुनी करावी लागली. १८४१ मध्ये दिल्ली कॉलेजची नव्याने व्यवस्था लागली, तेव्हा स्पर्धेत शिष्यवृत्ती मिळवून ते पुन्हा विद्यार्थी झाले. या कॉलेजचे स्वरूप येथे सांगितले पाहिजे. अजमेरी दरवाजाजवळील गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशातून ते १८२५ साली उभे राहिले. त्याचे दोन विभाग होते. एकात इंग्रजीतून शिक्षण दिले जाई. दुसरा पौर्वात्य विभाग. तेथे अरबी, फारसी आणि संस्कृत या विद्या तर चालतच, शिवाय पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकवली जात. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील उच्च शिक्षण इंग्रजीकडे झुकत असताना दिल्लीने धरलेली ही वाट वेगळी होती. प्राचार्य फेलिक्स बूत्रो आणि त्यांच्यामागून आलेले आलॉइस स्प्रेंगर या दोघांचाही तिला पाठिंबा होता. पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी एक संस्था स्थापन झाली होती.

१८४४ साली रामचंद्रांची याच पौर्वात्य विभागात शास्त्रविषयांचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. वेतन दरमहा ५० रुपये होते. शिकवायचे ते युरोपीय शास्त्र, विद्यार्थी अरबी-फारसी परंपरेतले आणि भाषा दिल्लीच्या घराघरांतली उर्दू, असा हा योग होता. पुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी ती सिद्ध केली. बीजगणित, त्रिकोणमिती, शांकवांची भूमिती आणि थेट कलनापर्यंतचे विषय त्यांनी उर्दूत आणले. उर्दूची एक सोय अशी होती की, बीजगणितासाठी जब्र-ओ-मुकाबला हा शब्द आणि त्याबरोबरची परिभाषा अरबी परंपरेतून तयारच होती. जेथे रूढ शब्द होता तेथे तो घ्यावा आणि जेथे नव्हता तेथे परका शब्द संकोच न करता वापरावा, असे एकंदर धोरण होते. त्यामुळे विद्यार्थ्याला नवी कल्पना आणि नवी भाषा या दोन डोंगरांवर एकाच वेळी चढावे लागले नाही. पौर्वात्य विभागातील विद्यार्थी शास्त्रविषयांत इंग्रजी विभागाच्या मागे राहिले नाहीत, याचे कारण येथे सापडते.

वर्गात जे चालले होते तेच त्यांनी वृत्तपत्रांतून शहरापर्यंत नेले. १८४५ मध्ये त्यांनी ‘फवाइद-उल-नाज़िरीन’ हे नियतकालिक सुरू केले. १८४७ मध्ये दुसरे काढले, ते पुढे ‘मुहिब्ब-ए-हिंद’ या नावाने प्रसिद्ध झाले. शास्त्र, इतिहास, थोरांची चरित्रे, सामाजिक दोषांवरील टीका असे विविध विषय त्यांत येत. अलंकारांनी जड झालेल्या तत्कालीन उर्दू गद्यात रामचंद्रांचे साधे, कारणमीमांसेवर भर देणारे लेखन उठून दिसते. उर्दू निबंधाचा उगम शोधणारे अभ्यासक सर सय्यद अहमद खान यांच्याही मागे जाऊन रामचंद्रांपाशी थांबतात, ते याच कारणाने. एक पायरी सिद्ध झाल्यावाचून पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, ही गणिताची शिस्त त्यांच्या वाक्यरचनेतही उतरलेली दिसते. मराठी वाचकाला येथे बाळशास्त्री जांभेकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे बाळशास्त्री १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढतात आणि शून्यलब्धिगणितावर मराठीत पुस्तकही लिहितात. एकाच पिढीत, दोन दूरच्या शहरांत, आधुनिक गद्य आणि आधुनिक गणित हातात हात घालून अवतरले, ही गोष्ट भारतीय वाङ्मयांच्या तौलनिक अभ्यासात दुर्लक्षिली जाऊ नये.

१८५० साली रामचंद्रांनी आपला मुख्य गणितग्रंथ कलकत्त्यात स्वखर्चाने छापला. महत्तम व लघुत्तम मूल्यांचे प्रश्न केवळ बीजगणिताने सोडवणे, हा त्याचा विषय होता. ग्रंथ इंग्रजीत असला तरी त्यामागची प्रेरणा भास्कराचार्यांच्या बीजगणिताची होती. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० मध्ये पूर्ण केला. त्यातील लीलावतीचे फैजीने १५८७ मध्ये आणि बीजगणिताचे अताउल्ला रशीदीने शाहजहानच्या काळात फारसीत भाषांतर केले. फारसी बीजगणितावरून स्ट्रॅचीने १८१३ साली आणि मूळ संस्कृतावरून कोलब्रुकने १८१७ साली ते इंग्रजीत नेले. म्हणजे खानदेशातील पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या कुळाची कीर्ती कोरलेली आहे, त्या आचार्यांची विद्या दिल्लीच्या या कायस्थ शिक्षकापर्यंत पोहोचण्यापूर्वी अनेक भाषांचा प्रवास करून आली होती.

रामचंद्रांची रीत एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. १० या संख्येचे असे दोन भाग करावयाचे आहेत की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा. कलनशास्त्र जाणणारा येथे आपले ठरीव यंत्र चालवील आणि उत्तर काढील. रामचंद्र तसे करीत नाहीत. ते म्हणतात, गुणाकार कितीही असो, तो ज्ञात आहे असे समजून चला आणि भाग शोधा. असे केले की साधे वर्गसमीकरण मिळते. त्याच्या उकलीत ५ ही संख्या येते आणि तिच्यात मिळवावयाचे किंवा तिच्यातून वजा करावयाचे असे एक वर्गमूळ येते. ते वर्गमूळ २५ मधून इष्ट गुणाकार वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येचे असते. आता गुणाकार २५ पेक्षा मोठा धरला, तर मुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या येते आणि भाग अशक्य होतात. म्हणून गुणाकाराची परमावधी २५ आणि भाग ५ व ५. जेथे वर्गमूळ काढणे अशक्य होते, तेथेच उत्तराची सीमा आहे, हे या रीतीचे मर्म होय. ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसल्याने तिला मूळ नाही, हे भास्कराचार्यांनी सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. त्यांच्या दृष्टीने जेथे वाट संपत होती, तेथे रामचंद्रांना पाटी लावलेली दिसली. वर्गसमीकरणाच्या पलीकडच्या प्रश्नांसाठी त्यांना अधिक युक्त्या योजाव्या लागल्या, परंतु धोरण तेच राहिले.

जे काम कलनाने दोन ओळींत होते त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप कोणीही घेईल. रामचंद्रांचे उत्तर शिक्षकाचे आहे. कलन हे येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने परदेशातून तयार होऊन आलेले यंत्र होते. त्याने ते चालवावे, पण ते का चालते हे त्याला कळू नये, अशी स्थिती होती. बीजगणित मात्र येथील पूर्वजांनी वाढवलेले. त्याच्याच बळावर विद्यार्थ्याला अवघड प्रश्नांपर्यंत चालत नेले, तर प्रत्येक पाऊल त्याचे स्वतःचे होईल, त्याच्यातील सुप्त गणिती वृत्ती जागी होईल आणि मग आधुनिक शास्त्र त्याला परके वाटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. गणिताचा तिटकारा उत्पन्न होतो तो अवघडपणामुळे होत नाही, परकेपणामुळे होतो, हे निदान त्यात अभिप्रेत आहे.

कलकत्त्यात ग्रंथावर प्रतिकूल अभिप्राय आले. पदरचे पैसे अडकलेले असताना आलेला हा अनुभव कडू होता. मात्र केंब्रिजमध्ये गणितात नाव कमावलेले आणि पुढे कलकत्त्यात शिक्षणाची धुरा वाहणारे ड्रिंकवॉटर बेथून यांनी त्यांची योग्यता ओळखली. त्यांनी २०० रुपये देऊन ३६ प्रती घेतल्या आणि काही विलायतेस पाठवल्या. त्यांतील एक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडली. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा. हा योगायोग अनेकांनी नोंदवला आहे. त्यांना या ग्रंथात केवळ कुशल प्रश्नसंग्रह दिसला नाही. एका जुन्या गणिती परंपरेचे स्वतःच्या पायांवर उभे राहणे त्यात त्यांना दिसले. युरोपातील निष्कर्ष आयते देऊन भारतात विचारशक्ती जागी होणार नाही, तिचे पुनरुज्जीवन आतूनच झाले पाहिजे, या मताने त्यांनी कंपनीच्या संचालकांकडे पाठपुरावा केला. इंग्लंडमधील प्रारंभिक विद्यार्थ्यांनाही हा ग्रंथ उपकारक होईल, असे त्यांना वाटत होते. अखेर रामचंद्रांना पाच वस्त्रांची खिलत आणि २,००० रुपये मंजूर झाले. डी मॉर्गन यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह ग्रंथाची लंडन आवृत्ती १८५९ मध्ये निघाली. प्रस्तावनेत रामचंद्रांनी लिहून पाठवलेला आत्मवृत्तान्तही समाविष्ट आहे. त्यांच्या बालपणाची आपली बरीचशी माहिती त्यावरच आधारलेली आहे.

परंतु ही आवृत्ती निघेपर्यंत ज्या दिल्लीसाठी ग्रंथ लिहिला होता ती दिल्ली उरली नव्हती. १८५२ मध्ये रामचंद्रांनी डॉक्टर चिमणलाल यांच्यासमवेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यामुळे शहरात मोठी खळबळ माजली, काही पालकांनी आपली मुले कॉलेजातून काढून घेतली आणि जातीबिरादरीचे दरवाजे रामचंद्रांना बंद झाले. जो शिक्षक नवे शास्त्र आपल्याच घरातले आहे असे पटवून देत होता, तोच आता घराबाहेरचा ठरला. १८५७ च्या मे महिन्यात दिल्लीत उठाव झाला. चिमणलाल आणि कॉलेजचे प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथालय लुटले गेले. रामचंद्र लपतछपत शहराबाहेर पडले आणि पुढे इंग्रजांच्या छावणीत जाऊन भाषांतराचे काम करू लागले. सप्टेंबरात दिल्ली इंग्रजांच्या हाती आल्यावर ते परतले, तेव्हा निराळेच दुर्दैव वाट्यास आले. एका घरातून गोरे अधिकारी रस्त्याने जाणाऱ्या हिंदी माणसांवर गलोलीने मातीच्या गोळ्या मारीत. रामचंद्रांवरही त्या पडल्या. त्यांना मारहाणही झाली. आपण ख्रिस्ती आहोत, सरकारच्या कामावर आहोत, हे सांगूनही उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागितली. बंडवाल्यांच्या हातून मरण्याची भीती समजण्यासारखी होती, पण ज्यांच्या आश्रयाला आलो त्यांच्याकडून हे व्हावे याचे दुःख त्या अर्जात भरून राहिले आहे. विलायतेत ज्याच्या सन्मानाची सिद्धता चालू होती, त्याला आपल्या शहरात केवळ कातडीच्या रंगावरून मार खावा लागत होता.

१८५८ च्या प्रारंभी त्यांना रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात काम मिळाले आणि त्याच वर्षी ते दिल्लीच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. १८६० नंतरच्या दशकात त्यांनी कलनाची एक नवी रीत मांडणारा दुसरा गणितग्रंथही प्रसिद्ध केला. १८६६ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी निवृत्ती घेतली. पुढे पतियाळा संस्थानात महाराजा महेंद्रसिंग यांचे शिक्षक आणि नंतर शिक्षणखात्याचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले. दिल्ली कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले आणि १८७७ मध्ये पुन्हा बंद पडले. तोपर्यंत विद्यापीठांच्या परीक्षा आणि इंग्रजी माध्यम यांचे राज्य स्थिरावले होते. रामचंद्रांचा ग्रंथ अभ्यासक्रमात आला नाही. त्यांची रीत गणितज्ञांच्या कौतुकापुरती उरली.

मग हा प्रयोग फसला म्हणावयाचा काय? ग्रंथात मांडलेल्या सिद्धांतापुरते बोलायचे तर त्याचा पाया आज टिकणार नाही. भारतीय बुद्धी बीजगणितीच आहे, हे विधान इतिहासाला धरून नाही. शुल्बसूत्रांपासून भूमिती येथे आहे. सोळाव्या शतकात केरळात ज्येष्ठदेवांनी ‘युक्तिभाषा’ मलयाळमात लिहिली, तिच्यात अनंत श्रेढींच्या उपपत्ती आहेत आणि त्या पुष्कळ ठिकाणी भूमितीच्या आधाराने दिलेल्या आहेत. जयसिंहाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटांनी युक्लिड अरबीवरून संस्कृतात आणला. डी मॉर्गन यांची ग्रीक-हिंदू वाटणी सोयीची होती. ती खरी नव्हती. रामचंद्रांना ती मानवली, कारण तिच्यात पराभूत समाजाला ताठ मानेने उभे राहण्याचा आधार होता.

या सिद्धांताला खरा छेद दिला तो त्यांच्याच वर्गाने. रामचंद्रांच्या विद्यार्थ्यांत गणिताच्या वेडाने झपाटलेला जो विद्यार्थी निघाला, तो भास्कराचार्यांच्या परंपरेत वाढलेला नव्हता. तो होता जकाउल्ला, १८३२ साली जन्मलेला, मुघल राजपुत्रांना शिकवणाऱ्या घराण्यातला मुलगा. त्याला ना बीजगणिताचा वारसा जन्माने मिळाला होता, ना त्याच्या गुरूच्या सिद्धांतात त्याच्यासाठी जागा होती. तरीही तो रामचंद्रांचा अत्यंत आवडता शिष्य झाला. मौलवी जकाउल्ला म्हणून ख्यातनाम झाल्यावर त्यांनी उर्दूत गणिताच्या पुस्तकांची रांगच उभी केली, अलाहाबादच्या म्योर कॉलेजात अध्यापन केले आणि १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत देशी भाषांतून शास्त्र शिकवण्याचा आग्रह सोडला नाही. त्याच कॉलेजात नझीर अहमद होते. ते ‘मिरात-उल-उरूस’ या १८६९ च्या कादंबरीचे आणि भारतीय दंडसंहितेच्या उर्दू भाषांतराचे कर्ते. ‘आब-ए-हयात’ हा उर्दू काव्याचा इतिहास लिहिणारे मुहम्मद हुसेन आझादही तेथलेच. सर्व गणिताकडे वळले नाहीत आणि वळायला हवे होते असेही नाही. पण एका शिक्षकाच्या सहवासात इतक्या भिन्न वृत्तींना आपापली वाट सापडली, यावरून वंशाचा किंवा समाजाचा स्वभाव ही कल्पना किती अपुरी आहे हे कळते.

रामचंद्रांच्याच वयाचे एक मराठी गणिती येथे तुलनेसाठी घेता येतील. बापूदेव शास्त्री १८२१ मध्येच पुण्यात जन्मले. नागपुरात त्यांनी लीलावती आणि बीजगणित अभ्यासले, सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या पाठशाळेत ते पुढे शिकले आणि १८४२ पासून काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. तेथे त्यांनी पाश्चात्त्य गणित संस्कृत व हिंदीतून विद्यार्थ्यांपुढे ठेवले. दिल्लीत अरबी-फारसी शिकणारे आणि काशीत संस्कृत शिकणारे, या दोन्ही वर्गांना नवे गणित पेलले, ते आपल्या ओळखीच्या भाषेतून आणि ओळखीच्या विद्येच्या बाजूने आल्यावर. समान होती ती दाराची रचना. आत येणारांचे कूळ समान नव्हते.

गणिताची गोडी किंवा नावड कोणाच्या रक्तात नसते. ती बहुधा पहिल्या भेटीत ठरते. ज्याला गणित हुकूम म्हणून भेटते तो त्याचा द्वेष करतो, आणि ज्याला ते आपल्या भाषेतल्या संभाषणासारखे भेटते तो त्यात रमतो. घरच्या कोपऱ्यात एकट्याने गणित सोडवणाऱ्या पानिपतच्या मुलाला हे अनुभवाने कळले होते. पुढे त्यांनी त्याला एका समाजाच्या प्रतिभेचे नाव दिले, ती त्या काळाची समजूत होती. त्यांचा ग्रंथ ग्रंथालयांत आहे आणि त्याच्या प्रस्तावनेची चर्चा विद्वानांत चालूच राहील. परंतु त्यांच्या विचाराची अधिक खरी साक्ष जकाउल्लांनी उर्दूत लिहिलेल्या, आता कोणी न उघडणाऱ्या त्या शालेय पुस्तकांत आहे. गुरूने आपला सिद्धांत ज्यांच्यासाठी मांडला नव्हता, अशा एका शिष्याने तो त्याहून मोठा करून दाखवला.